पोसिडोनियातली ठेठरी

ये बाई, जवळ ये. तू तिकडे इटलीत बसली आहेस हे मला माहीत आहे, तरी ये. कागद जरा डोळ्यांजवळ धर, कारण माझं अक्षर हल्ली बारीक आणि वाकडं येतं, आणि तुला मराठी वाचायला वेळ लागतो. लागू दे. अक्षरं हिंदीचीच आहेत, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण आधी थोडी बोलणी खाऊन घे. अकरा महिने झाले. बापाला फोन करतेस, आईला करतेस, "दादी ठीक है ना?" एवढं विचारतेस आणि ठेवून देतेस. दादी तिथंच पलंगावर बसलेली असते, लसूण सोलत असते, सगळं ऐकत असते. आणि मी दादी कधीपासून झाले? लहानपणापासून तू मला आजीच म्हणत आलीस, हिंदी बोलतानासुद्धा. रागावलीस तर रागाव, पण माझं नाव बदलू नको.

असा अबोला धरायला कोणी शिकवलं, असं विचारणार होते. मग वाटलं, नको. उत्तर मलाच ठाऊक आहे.

श्रावणातल्या एका दुपारी तुझा फोटो आला. तुझ्या आईच्या फोनवर नाही, माझ्या. मी चष्मा शोधेपर्यंत पडदा दोनदा काळा झाला. काचेच्या कपाटात एक मातीची बाई बसलेली, वीतभर उंचीची. अंगावर चापूनचोपून वस्त्र, डोक्यावर टोपलीसारखं काहीतरी, मांडीवर लेकरू, आणि एका हातात डाळिंब. खाली तू लिहिलं होतं, "आजी, देखो, तुम्हारी भुलाबाई।" मला इतका आनंद झाला की मी फोन घेऊन तुझ्या आईकडे स्वयंपाकघरात गेले. म्हटलं, "पाय, मले आजी म्हटलं तिनं." तुझी आई म्हणाली, "खाली अजून एक ओळ आहे, आई." ती ओळ अशी होती, "लिखा है कि यहाँ के लोग अपनी भाषा भूल गए थे।"

आता हा टोमणा होता की नुसती माहिती, ते मला समजेना. तुझ्या आईला विचारलं तर ती म्हणाली, "तुम्हीच विचारा नं तिले." ते काही माझ्याकडून होईना. मग मी विचार केला, हिला विचारता येत नाही तर त्या गावालाच विचारून पाहू. असं ते तुझ्या कामाचं जुनं गाव, पोसिडोनिया, माझ्या घरात आलं.

तुला ठाऊक आहे, मी चौथीपर्यंत शिकले. पुढची शाळा माझी रायपूरच्या पंडरी बाजारातून आली. तुझे आजोबा मालधक्क्यावर कामाला, गाठोड्यांना गुंडाळलेले छापील कागद घरी येत, हिंदी, मराठी, कधी उडियासुद्धा. चहाचं आधण ठेवून मी ते वाचत असे. मधलंच पान, मागचं नाही, पुढचं नाही. त्यामुळे मला अर्धवट गोष्टी वाचायची सवय आहे, मी गाळलेलं मनानं भरून काढते. ही सवय वाईट असते, ते पुढे सांगते. तर तुझ्या आईनं त्या गावाबद्दल फोनमधून जे मिळालं ते मोठ्या अक्षरांत छापून आणलं. काही हिंदीत, काही मराठीत. ती मराठी बहुतेक यंत्रानं केलेली असावी, कारण एका ठिकाणी देवळाचे खांब "नम्रपणे लठ्ठ" आहेत असं लिहिलं होतं. पण मी फोटो पाहिले, तर खरंच, तसेच होते.

तू तिथं रोज जाऊन ते दगड साफ करतेस, तुला काय सांगायचं. तरी मला जे कळलं ते सांगते, चुकलं तर सांग. अडीच हजार वर्षांच्याही आधीची गोष्ट. ग्रीस देशातली काही माणसं पोट भरायला समुद्र ओलांडून इटलीच्या दक्षिणेला आली, तिथं त्यांनी एक गाव वसवलं, सायबॅरिस. ते गाव मोठं झालं, श्रीमंत झालं, जागा पुरेना. मग त्यातली काही माणसं उठली आणि डोंगराच्या पलीकडे, दुसऱ्या समुद्राकाठी, नदीच्या तोंडाशी सपाट जमीन पाहून तिथं राहिली. समुद्राच्या देवाचं नाव गावाला दिलं. म्हणजे हे गाव ग्रीसचं पोर नाही, नातू आहे. हे वाचून मी हसले. आपलंही तेच. माझे सासरे वर्ध्याकडून आधी गोंदियाला आले, तिथून डोंगरगढला, आणि तिथून रायपूरला. रेल्वे जिथं नेईल तिथं. आम्ही वर्ध्याचे म्हणायचं, पण वर्ध्याला कोणी आम्हाला ओळखत नव्हतं.

आणि ऐक, त्या सायबॅरिसचं पुढं काय झालं. शेजारच्या गावाशी भांडण झालं, शेजाऱ्यांनी लढाई जिंकली आणि नदी वळवून त्या गावावरून सोडून दिली. माहेरच बुडालं. मग पोसिडोनियाच्या बायका सणाला कुठं जात असतील? हे कोणी लिहून ठेवलेलं नाही.

मी लग्न होऊन रायपूरच्या गुढियारीत आले तेव्हा अठराची होते. लाइनीच्या शेवटी दोन खोल्या, मागे आंगण, पलीकडे रुळ. मालगाडी गेली की फळीवरचे डबे वाजायचे. आपली माणसं पाच-सहा घरं, बाकी सगळा पारा, म्हणजे मोहल्ला, छत्तीसगढी. पहिलंच वर्ष. भादव्याची पुनव आली आणि मला भुलाबाईची फार आठवण यायला लागली. तू आमच्याकडे शेवटच्या दिवशी खाऊपुरती बसलेली, म्हणून नीट सांगते. आमच्याकडे भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर मातीची भुलाबाई बसवतात. बाजूला भुलोजी, मांडीवर गणपती. म्हणजे पार्वतीच, पण माहेरी आलेली. संध्याकाळी पोरी घरोघरी जाऊन तिच्यापुढे गाणी म्हणतात, टिपऱ्या वाजवतात, आणि मग खिरापत. खिरापत म्हणजे खाऊ, पण तो झाकलेला असतो. घरची बाई डबा हलवून दाखवते, पोरींनी आवाजावरून, वासावरून ओळखायचं आत काय आहे. ओळखलं तर मिळतं. ओळखलं नाही तरी मिळतंच, पण थोडं छळून. भुलाबाईवर ज्वारीच्या पाच धांड्यांचा मांडव करतात, आणि कोजागिरीला तिला निरोप.

मी आंगणात माती कालवली, दोन बाहुल्या केल्या. पण ज्वारीची धांडं रायपूरला कुठून आणायची? हा तर धानाचा मुलुख. मी कुंपणाशी उभी राहून इकडेतिकडे पाहत होते तर पलीकडच्या दीदीनं विचारलं, "का खोजत हस, बहिनी?"

मला तेव्हा धड हिंदीसुद्धा येत नव्हती. मी हातानं उंची दाखवली, वर कणीस दाखवलं. ती समजली.

"जुवार? इहाँ कहाँ मिलही. धान के बाली ले जा."

"देवीले चालते का?"

"हव. देवी ला का मालूम, कते गाँव ले आए हे."

मला राग आला होता, खरं सांगते. माझ्या देवीला माहीत नाही म्हणजे काय. पण तिनं दुसऱ्या दिवशी हिरव्या-पिवळ्या धानाच्या लोंब्या आणून दिल्या, विणलेल्या, झालरीसारख्या. तसा सुंदर मांडव आमच्या गावात कधी झाला नव्हता. आणि तिनं एक डबाही दिला. नुकतीच तीज झालेली, तिच्या घरी तळलेलं उरलं होतं. बेसनाचं, मीठ-ओव्याचं, दोरीसारखं वळलेलं, कडक. "ठेठरी," ती म्हणाली. "तोर देवी ला चढ़ा दे. महीना भर खराब नइ होवय."

ती ठेठरी मी स्टीलच्या डब्यात घालून हलवली तर असा खडखड आवाज आला की आपल्या पाच घरांतल्या पोरी दचकल्या. कोणीच ओळखू शकलं नाही. एकीनं तर "खिळे" म्हटलं. पुढच्या वर्षी सगळ्यांनी ओळखलं. त्याच्या पुढच्या वर्षी दीदीच्या पोरी टिपऱ्या घेऊन आल्या. गाणी त्यांना येत नव्हती, पण शेवटचा शब्द ओढून धरायला बरोबर यायचा. पुढं पुढं तर अशी गोष्ट झाली की ठेठरी नसली तर भुलाबाई बसलीच नाही असं वाटायचं. मी दीदीकडून शिकून घेतली. बेसन किती घट्ट मळायचं ते ती माझं मनगट दाबून सांगायची, "अतका कड़ा." ती आता नाही. गुढियारीचं घर सुटलं, तेलीबांध्याला तुझ्या बापानं फ्लॅट घेतला, तरी मी ठेठरी वळायला बसले की मनगटावर तिची बोटं जाणवतात.

मी मुद्दाम एवढं लांबवून सांगते आहे, कारण पुढचं सांगायला जिभेला जड जातं.

मागच्या वर्षी कोजागिरीला तू घरी होतीस. तिकडे जायच्या आधीचे दिवस. मी सोसायटीतल्या आणि गुढियारीच्या जुन्या मिळून सात-आठ बायका बोलावल्या होत्या. गाणी म्हणायला आता आम्ही तिघीच उरलो, बाकीच्या टाळ्या वाजवतात. तू सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होतीस आणि मनापासून ऐकत होतीस, ते मी पाहिलं होतं. मग मी डबा हलवला. कोणी बोलायच्या आधी तूच बोललीस, "इसमें ठेठरी है, आजी।"

बरोबर ओळखलंस. आणि मी काय म्हटलं? म्हटलं, "मराठीत सांग, तं देईन."

तू अगदी साधेपणानं विचारलंस, "ठेठरी को मराठी में क्या बोलते हैं?"

सगळ्या बायका हसल्या. गुढियारीची ती जाडी बाई तर डोळे पुसायला लागली. म्हणाली, "सांगा नं आता, काकू." त्या तुला हसत नव्हत्या, मला हसत होत्या. कारण ठेठरीला मराठीत काही म्हणत नाहीत. ती मराठी नाहीच. आणि माझ्या अंगाची आग झाली. मी सगळ्यांच्या देखत म्हटलं, "जिले आपली भाषा येत नाही तिनं माह्या भुलाबाईपुढे बसू नाही."

तू खाऊ न घेता उठून आत गेलीस. आठ दिवसांनी विमानात बसलीस. पाया पडलीस, पण बोलली नाहीस.

आता ते "भाषा भूल गए थे". हे मी नीट वाचलं, भिंग लावून, तीनदा. पोसिडोनिया दोनशे वर्षं चांगलं नांदलं आणि मग डोंगरातली माणसं खाली उतरली, त्यांनी गाव घेतलं. त्यांना लुकानी म्हणतात. ग्रीक माणसं तिथंच राहिली, पण गाव त्यांचं उरलं नाही. मग पुढं रोमन आले, त्यांनी नावही बदलून पेस्टम केलं. आणि लुकानी राज्य असतानाच्या एका ग्रीक माणसानं लिहून ठेवलंय की हे लोक ग्रीक होते पण रानटी होऊन गेले, बोली बदलली, रिवाज बदलले. फक्त वर्षातून एकदा एक सण करतात. त्या दिवशी एकत्र जमतात, जुने शब्द, जुन्या चाली आठवतात, एकमेकांपाशी रडतात आणि आपापल्या घरी जातात.

हे वाचून मी दोन दिवस त्या कागदांना हात लावला नाही, खोलीतच पडून राहिले. तुझ्या आईला वाटलं माझं बीपी वाढलं. मला सारखं दिसत होतं की सोफ्यावर आम्ही तिघी म्हाताऱ्या बसलो आहोत आणि तू लांबून आमचा फोटो काढून खाली हेच लिहिलं आहेस.

तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की लिहिणारा कुठला होता हे मी पाहिलंच नाही. पुन्हा कागद काढले. तो पोसिडोनियाचा नव्हता. इटलीच्याच दुसऱ्या किनाऱ्यावरच्या दुसऱ्या ग्रीक गावचा होता, मोठ्या गावचा, विद्वान. अस्सं, म्हटलं. म्हणजे हा नागपूरचा पाहुणा. तो येतो, दोन दिवस जेवतो, आणि परत जाऊन सांगतो, रायपूरवाल्यांची मराठी पार बिघडली. त्यानं सणाच्या दिवशी त्यांना रडताना पाहिलं असेल, नाही असं नाही. पण त्या दिवशी त्यांनी काय खाल्लं, कोणाची थट्टा केली, पोरींना छळून खाऊ कसा दिला, हे त्यानं लिहिलं का? तो त्यांच्याजवळ बसला तरी होता का? आणि कागदात पुढं असंही आहे की लुकानी राज्य आल्यावरसुद्धा त्या गावातल्या भांडी रंगवणाऱ्यांनी आपली नावं ग्रीक अक्षरांतच लिहिली. म्हणजे विसरले तरी सगळं विसरले नव्हते. विद्वानांचं चुकतं, बाई. तुझ्या त्या देवळांपैकी सगळ्यात देखणं देऊळ समुद्रदेवाचं म्हणून किती वर्षं सांगत होते, आता म्हणतात ते देवीचं असावं. एवढा मोठा दगडी संसार, आणि घर कोणाचं तेच चुकलं.

त्या विद्वानावर मी चांगली तासभर चिडले. बरं वाटलं. आणि मग डाळ निवडता निवडता हात थांबला, कारण नागपूरचा पाहुणा म्हणून मी ज्याला नावं ठेवत होते, तो मागच्या कोजागिरीला आपल्याच हॉलमध्ये हातात डबा घेऊन उभा होता.

आता जे कोणालाच सांगितलं नाही ते सांगते. तुझ्या बापालाही माहीत नाही.

तू शाळेत होतीस तेव्हा मी एकदा माहेरी गेले होते, भादव्यात, पुष्कळ वर्षांनी. भावाच्या नाती भुलाबाई मांडून बसल्या होत्या. ज्वारीची धांडं, खरीखुरी. मला आत्याआजी आत्याआजी करून मध्ये बसवलं. मी एक-दोन गाणी म्हटली, तर पोरी एकमेकींना कोपर मारू लागल्या. चाल त्यांची वेगळी झाली होती, की माझी, कोणास ठाऊक. मग वहिनीनं डबा हलवला. खडखड आवाज आला आणि मी लहान पोरीसारखी ओरडले, "ठेठरी."

मग एक पोट्टी म्हणाली, "ठेठरी मंजे काय वो, आत्याआजी?"

डब्यात शेव होती, जाडी.

मी म्हटलं, "काहून, आपल्या घरी होत नव्हती का? माय करे नं. चुलीपाशी बसून, बेसनाची, वळून वळून."

वहिनी माझ्याकडे पाहतच राहिली. म्हणाली, "नणंदबाई, मायच्या हाताखाली मी वीस वर्सं रांधलं. ह्या घरात हे नाव मी आज आयकून राहिली."

"असं कसं? मले पक्कं आठवते. मायनं माह्या मनगटाले धरून शिकवलं."

"ते तुमच्या रायपूरची कोणी असन," वहिनी म्हणाली, आणि पोरींकडे वळून, "पाणी द्या वो आत्याले, तिले थकवा आला."

मी म्हटलं, "हव, बहुत थकान लागली."

झालं. "हव" आणि "थकान" ऐकून पोरी जमिनीवर लोळायच्या बाकी राहिल्या. वहिनी म्हणाली, "मराठी बोला नं बाई, काहून हिंदी बोलून राहिल्या?" मला तर वाटत होतं मी मराठीच बोलते आहे.

रात्रभर मी मायला चुलीपाशी आठवून पाहिलं. माय दिसायची, चूल दिसायची, तिची हिरवी बांगडी दिसायची. आणि बेसन मळणारे हात आले की ते दीदीचे असायचे, गोंदलेले. गुढियारीच्या आंगणातली बाई मी माहेरच्या स्वयंपाकघरात नेऊन बसवली होती, इतक्या वर्षांत हळूहळू, आणि मला पत्ता नव्हता. गाळलेलं मनानं भरून काढायची सवय म्हटलं ना, ती ही. मला वाईट कशाचं वाटलं, पोरी हसल्या त्याचं नाही. वाटलं, मायला मी नीट आठवत नाही, आणि दीदीला तर तिच्या स्वतःच्या जागी ठेवलंच नाही. दोघींचं चोरलं.

परत आले आणि कोणाला बोलले नाही. फक्त त्यानंतर माझी मराठी फार कडक झाली. आठवतं तुला? तू शाळेतून आलीस की मी शब्द दुरुस्त करायला लागले. "खिडकी बंद कर दे" म्हटलंस की "लाव म्हण, लाव." तू कंटाळून माझ्या खोलीत यायची कमी झालीस. मला वाटायचं मी तुझं भलं करते आहे. मी त्या पोट्ट्यांच्या हसण्याचा राग तुझ्यावर काढत होते. आणि कोजागिरीला तू जो प्रश्न विचारलास, तो नेमका तोच होता जो मी बारा वर्षं दाबून ठेवला होता. तुला काय माहीत.

तर असं आहे. तू जर टोमणा मारला असशील, तर बरोबर मारलास. नुसती माहिती दिली असशील, तरी ती योग्य घरी पोचली.

त्या फोटोतल्या बाईबद्दलही वाचलं. तिथं जमिनीतून अशा हजारो निघाल्या म्हणे, बायकांनी देवीला वाहिलेल्या. हेरा तिचं नाव. कोणाच्या मांडीवर लेकरू, कोणाच्या हातात डाळिंब. पुढं ती सपाट जमीन दलदल झाली, हिवताप आला, लोक गाव सोडून वर डोंगरावर राहायला गेले, देवळं खाली एकटी पडली. आणि त्या डोंगरावर आज मेरीमातेचं एक देऊळ आहे, तिच्या कडेवर लेकरू आहे आणि हातात डाळिंब आहे. हे वाचल्यावर मी कागद खाली ठेवला आणि बाल्कनीत जाऊन तेलीबांध्याच्या तलावाकडे पाहत बसले. ग्रीक गेले, लुकानी गेले, रोमन गेले, देवीचं नाव गेलं, आणि डाळिंब कोणाच्या तरी हातातून कोणाच्या तरी हातात जात राहिलं. तिथल्या बाईला विचारलं की हे डाळिंब कुठून आलं, तर ती सांगत असेल, आमच्या आईपासून. ती काही खोटं बोलत नसेल.

दीदी म्हणाली होती, देवीला काय माहीत कोणत्या गावाहून आली. तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, देवीला चांगलंच माहीत असेल. फक्त तिला ती मोठी गोष्ट वाटत नसेल.

या वर्षी मी भुलाबाई केली आहे. माती तुझ्या बापानं खारून नदीकडून आणून दिली, कुरकुर करत. हात थरथरतात, त्यामुळे भुलोजीचं नाक जरा बसलं, तो तुझ्या आजोबांसारखा दिसतो. गणपती मांडीवर आहे. आणि भुलाबाईच्या एका हातात, हसू नको, मी वाटाण्याएवढं डाळिंब ठेवलं. गुढियारीच्या जाडीनं विचारलं, "हे काय वो काकू, आवळा?" म्हटलं, "नाही, हे माह्या नातीच्या गावचं आहे." ती म्हणाली, "नात इटलीत नं?" म्हटलं, "हव."

ठेठरीही केली. पहिल्या दिवशी डबा हलवायच्या आधी सगळ्या बायकांना सांगितलं की ही मला गुढियारीच्या दीदीनं शिकवली, मायनं नाही, माय जाडी शेव करायची. कोणाला काही फरक पडला नाही. त्यांना खायची घाई होती. मला मात्र त्या रात्री पहिल्यांदा माय तिच्या तिच्या हातांनी दिसली, शेवेचा सोऱ्या दाबताना. मधे किती वर्षं ती मला सोडून गेली होती.

एक चित्र मला त्या कागदांत फार आवडलं. तिथल्या थडग्यांच्या भिंतीवरचं, ग्रीकांचं नाही, नंतर आलेल्या त्या डोंगरी लोकांचं. एक माणूस घोड्यावर बसून लांबून घरी परत आला आहे, आणि दारातली बाई त्याला प्यायला देते आहे, हात लांब करून. तो कोणत्या भाषेत बोलला, ती कोणत्या भाषेत बोलली, काही लिहिलेलं नाही. पण ती "आधी नीट बोल, मग पाणी देते" असं म्हणत असेल असं तिच्या हातावरून वाटत नाही.

तिथं आता म्हशी पाळतात म्हणे, त्यांच्या दुधाचं पनीर होतं. ते खात जा. गुलाब वर्षातून दोनदा फुलायचे असंही वाचलं, ते अजून फुलतात का ते पाहून सांग. फोटो पाठवताना खाली लिहीत जा, हिंदीत लिही, इटालियनमध्ये लिही, मी तुझ्या आईकडून वाचून घेईन. पण आजी लिही.

एक डबा मी बाजूला काढून ठेवला आहे, तुझा, मागच्या वर्षीचा राहिलेला. म्हणजे ठेठरी ताजी आहे, हक्क मागच्या वर्षीचा. ओळखायची गरज नाही, तू ओळखलेलं आहेस. महिनाभर टिकते, दीदीनं सांगितलेलं आहे, पण महिनाभरच. कोजागिरीला नाही जमलं तर दिवाळीला ये, मी पुन्हा तळीन. आता हाताला पूर्वीसारखा जोर नाही, बेसन घट्ट मळलं जात नाही, मनगट धरून कोणाला तरी शिकवून ठेवावं म्हणते. मी दारात तांब्या घेऊन उभी राहीन. काय बोलायचं ते नंतर पाहू. तू ये बाई, लवकर ये.